बाबल्याची जागा

ढोल असा घुमत होता की पोलीस चौकीच्या काचा थरथरायला लागल्या. मुक्कामाच्या सहाणेवरून निघालेली ग्रामदेवतेची पालखी गुलालात न्हाऊन, नाचत नाचत रस्त्यावर आली. चौकीसमोर बंदुका घेऊन पोलीस ओळीनं उभे होते. शिमग्याला पालखी आली की खातं तिला सलामी देतं, हा मान बापजाद्यांपासूनचा.

दरवर्षी त्या ओळीत विनोद असायचा. यंदा तो साध्या सदऱ्यात, गर्दीच्या पार मागे उभा होता. गावातला बाबल्या न्हाणीघरात घसरून पडला नाही, कोठडीत चौकीच्या साहेबांनीच मारून त्याचा हात मोडला, एवढं खरं त्यानं जिल्ह्याच्या वरिष्ठांना सांगितलं होतं. साहेब आपल्या जागेवर राहिले. घरी बसला तो विनोद. शिस्तभंग म्हणे! ज्यांनी त्याच्या डब्यातली मासळी चाटूनपुसून खाल्ली, तेही आता मान फिरवून जात होते.

खात्यानं टाकलं ते टाकलं, पण आज गावानंही टाकलं तर? कालच साहेबांनी पालखीचे मानकरी रावजी यांना चौकीत बोलावून चहा पाजला होता. विनोदला पालखीजवळ फिरकू द्यायचं नाही, हाच त्या चहाचा अर्थ.

खांदे बदलायची वेळ झाली. रावजी हाक देतील तो दांड्याखाली शिरत होता. पुढचा उजवा खांदा बाबल्याच्या घराण्याचा. बाबल्या पुढे आला, त्यानं दांड्याकडे हात नेला. हात छातीच्या वर जाईना. ढोल थांबला.

"मग तुज्या जागी कोन रं?" रावजींनी विचारलं. ज्याचा मान, त्यानंच बदली माणूस सांगायचा अशी रीत. तिथं मानकऱ्याचंही काही चालत नाही.

बाबल्यानं गर्दीवर नजर फिरवली. "इनोद! लांब काय उबा ऱ्हायलास? माजा हात कसा मोडला ते तूच सांगितलंस. आता माजा खांदाय तूच दे!"

रावजींनी एकदा साहेबांकडे पाहिलं. मग तेच ओरडले, "आयकलं नाय काय? ये बिगी! वाजवा रे!"

विनोद धावला. एक चप्पल गर्दीतच राहिली. कोणी पाठीवर थाप मारली, कोणी पुढे ढकललं. दांड्याचा भार खांद्यावर आला आणि त्याला रडू की हसू तेच कळेना. ढोल पुन्हा कडाडला. पालखी नाचत गेली ती थेट साहेबांसमोर.

"सलामी शस्त्र!" साहेबांचा आवाज चिरकला. बंदुका खाडकन उभ्या राहिल्या. साहेबांचा हात टोपीपाशी गेला. देवी वर पालखीत होती. नजरेसमोर होता गुलालानं माखलेला विनोद.

पालखी पुढे सरकेपर्यंत हात खाली घ्यायचा नाही, अशी शिस्त. आणि ती केव्हा पुढे न्यायची, हे पुढच्या उजव्या खांद्यानं ठरवायचं.

विनोद तिथंच नाचू लागला.