डॉक्टरची गाडी

"ही डॉक्टरची गाडी नव्हे," असं म्हणून दत्तोपंतांनी बॉनेट आपटलं.

नवशाने कपाळाला हात लावला. "मास्तर, तुम्हाला गाडी पायजे का डाक्टर पायजे?"

"डॉक्टरची गाडी पाहिजे."

भिवंडीजवळच्या कोन गावच्या रस्त्यावर चिंचेखाली नवशा जुन्या गाड्यांची दलाली करायचा. गडी मोठा गोडबोल्या. चेपलेली अँबॅसिडरसुद्धा 'घरच्या माणसानं वापरलेली' म्हणून गळ्यात मारायचा. पण दत्तोपंत पडले गणिताचे मास्तर. त्यांच्यापुढे त्याची डाळ शिजेना. ते दर रविवारी यायचे, सीटखालचा पत्रा नखाने खरवडून बघायचे आणि चहा पिऊन तसेच परत जायचे.

आता याला हट्ट म्हणा नाहीतर शहाणपण. शाळेतल्या सावळाराम सरांनी घाईघाईत एक फियाट घेतली होती. घासूनपुसून धुतली, तर दाराच्या कडेतून टॅक्सीचा पिवळा रंग डोकावला! तेव्हापासून दत्तोपंत ताकही फुंकून पीत होते.

"डॉक्टर गाडी जपतो," ते शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना समजावायचे. "त्याची गाडी अडून चालतच नाही. तिकडे रोगी वाट बघत असतो ना!"

नवी गाडी मास्तरच्या पगारात कुठली यायला? आणि गाडी तर हवीच होती. माईला, म्हणजे त्यांच्या बायकोला, दमा होता. भिवंडीत घराला लागून कापड विणायचे लूम. श्वास घ्यावा तर नाकात कापूस. गेल्या थंडीत भरदुपारी तिला धाप लागली आणि एकही रिक्षावाला थांबेना. शेवटी सुताच्या टेम्पोत गाठोड्यांवर बसवून तिला दवाखान्यात नेलं. ओठ निळे पडले होते. दत्तोपंतांचा हात तिने असा काही धरला होता की आठवलं तरी त्यांना अन्न गोड लागत नसे. गाडी घ्यायची, आणि किल्ली फिरवताच चालू होणारी घ्यायची, हे त्यांनी त्याच दिवशी ठरवलं.

"मेले नाही ना मी? मग झालं तर," माई हसून म्हणायची. "त्यापेक्षा मला खारबावला माहेरी ठेवा. तिथली हवा मानवते मला."

दिवाळी झाली आणि नवशाचा निरोप आला. चिंचेखाली पांढरी फियाट उभी होती.

"रंग ताजा दिसतोय," दत्तोपंत म्हणाले.

"रंग मी मारला. जुना पार उडालावता. आतून बगा, मग बोला."

दत्तोपंतांनी बघितलं. इंजिन स्वच्छ. पत्रा शाबूत. किल्ली फिरवली, तर गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. मागच्या सीटला स्पिरिटचा वास येत होता. मोगरा हुंगावा तसा त्यांनी तो दोनदा हुंगला.

"कागदावर नाव आनंदीबाईंचं आहे. पत्ता ठाण्याचा."

"डाक्टरची बायको. जुना पत्ता हाय त्यो."

"आता कुठे असतात डॉक्टर?"

"त्ये न्हाय सांगनार. घेनारा न् इकनारा परस्पर भेटले तर दलालानं काय भजी तळायची? लय गळ घातली तवा दिली त्यानं."

दत्तोपंतांनी पुढे विचारलं नाही. जन्मात पहिल्यांदा त्यांना हवं ते मिळालं होतं.

चाकाखाली लिंबू चिरडून गाडी दारात आली. माई पुढे बसली, काच खाली केली आणि नव्या नवरीसारखी लाजली. पहिली फेरी खारबावला, तिच्या भाचीच्या साखरपुड्याला. तिचा भाऊ केसरीनाथ गाडीभोवती फिरून म्हणाला, "भावोजी, साहेब झालात की!"

दत्तोपंतांना दुसऱ्या दिवशी परीक्षेची ड्युटी होती. माईला सोडून त्यांचा पाय निघेना.

"निघा हो! इथे मला काय धाड भरलीय?" माई म्हणाली. "परवा न्यायला या. ऐटीत जाऊ."

"आणि लागलंच काही तर आमचे डॉक्टर आहेत," केसरीनाथ म्हणाला. "पलीकडच्या गावात असतात, पण निरोप गेला की दारात हजर."

दुसऱ्या दिवशी भर परीक्षेत खारबावचा माणूस माईला धाप लागल्याचा निरोप घेऊन शाळेत आला. दत्तोपंतांनी पेपर सावळाराम सरांच्या हातात कोंबले आणि ते धावले. गाडी लगेच सुरू झाली. वाटेत कुठे कुरकुरली नाही.

तरी उशीरच झाला होता. माईला माजघरात सतरंजीवर ठेवलं होतं. साखरपुड्याचंच लुगडं अंगावर होतं.

ओटीवर एक म्हातारे गृहस्थ मांडीवर बॅग घेऊन बसले होते. गुडघ्यापर्यंत धूळ, सदरा घामाने चिंब. "हेच डॉक्टर," केसरीनाथ हळूच म्हणाला आणि तोंड फिरवून रडू लागला.

दत्तोपंतांचा तोल गेला. "काय उपयोग आता येऊन? थोडं आधी यायला काय झालं होतं तुम्हाला?"

"खरं आहे," डॉक्टर म्हणाले. "इंजेक्शन बॅगेतच होतं. वेळेवर पोचलो असतो तर वाचल्या असत्या. निरोप येताच निघालो हो. एस.टी. निघून गेली होती. या वयात चालत किती भरभर येणार?"

"चालत? निरोप गेला की दारात हजर होता म्हणे तुम्ही!"

"व्हायचो. तेव्हा गाडी होती." डॉक्टरांनी डोळे पुसले. "विकायची नव्हती मला. पण तो कोनचा दलाल पायच सोडीना. म्हणाला, भिवंडीच्या एका मास्तरांच्या बायकोला दमा आहे आणि डॉक्टरच्या गाडीखेरीज ते दुसरी घ्यायला तयार नाहीत."