दुसऱ्या गिअरचा आवाज

दुसरा गिअर पडला, पण कुरकुरला नाही. ग्लेनिसने आवारातच गाडी थांबवली. पुन्हा पहिला टाकला, गाडी हलवली, पुन्हा दुसरा. छे! लोण्यात सुरी जावी तसा गेला.

"इद्रिस! गिअरबॉक्सला हात लावलास तू?"

तिचा नवरा चहाचे दोन मग घेऊन गॅरेजच्या दारात उभा होता, गालातल्या गालात हसत. "कळलं ना लगेच? म्हटलं, तू लेकीकडे गेलीयस तोवर बाईसाहेबांना खूश करून टाकू. शेजारच्या ह्यूला हाताशी घेतलं नि बसवला दुसरा बॉक्स. भंगारवाल्याकडचाच, पण नव्यासारखा आहे."

"आणि जुना?"

"तो खटारा? बदल्यात दिला त्याला. एव्हाना वितळलासुद्धा असेल."

ग्लेनिसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन वर्षं खपून तिने ही गाडी याच गॅरेजमध्ये जोडली होती. सांगाडा विकतचा, चाकं एका गाडीची, दिवे दुसरीचे, बाकीचं मिळेल तिथून. फक्त इंजिन आणि गिअरबॉक्स बेथानच्या गाडीचे. बेथान तिची धाकटी बहीण. गेली ती गंजाने खाल्लेली एक लाल गाडी मागे ठेवून. त्या गाडीचा दुसरा गिअर जन्मभर कुरकुरत आला. चढावर तो आवाज ऐकला की सगळी गल्ली म्हणायची, आली बघा बेथान.

"सोमवारी नोंदणीची तपासणी आहे," ग्लेनिस म्हणाली. "दोन मोठे भाग एकाच जुन्या गाडीचे असले, तरच नंबरच्या पाटीवर त्या गाडीचं साल मिळतं. आता एकच उरला. आता काय मिळणार, सांग की!"

इद्रिसचं हसू उतरलं. "क्यू अक्षराची पाटी."

"क्यू! म्हणजे कुठली कोण, ठावठिकाणा नाही. माझ्या बहिणीची गाडी बेवारस करून ठेवलीस, मेल्या!"

"अगं, लोखंडच ते! पाटी कोण वाचत बसतंय? गाडी कशी पळेल ते बघ. पाटी लागली की दोघं बार्मथला जाऊ, समुद्रावर बसून चिप्स खाऊ."

"मला एका शब्दाने विचारलंस?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

ग्लेनिसने पाना उचलला. इद्रिस दोन पावलं मागे सरला, मगातला चहा त्याच्या चपलांवर सांडला. पण ती वळली ती गाडीकडे. आत वाकली आणि शेजारच्या सीटचे बोल्ट सोडवू लागली. ती सीट इद्रिसने स्वतः बसून, उठून, कंबर टेकवून पारखून आणली होती. शेवटचा बोल्ट अडला. तिने पान्यावर लाथ घातली तेव्हा कुठे सुटला.

सीट उचलून तिने त्याच्या पायाशी आदळली.

"घे. हेही लोखंडच. दे भंगारवाल्याला."

"अगं, मग मी बसू कुठे?"

"बार्मथला बस जाते."

ग्लेनिस गाडीत बसली. इंजिन सुरू केलं, गाडी जरा पुढे घेतली, दुसरा गिअर टाकला आणि कान देऊन ऐकत राहिली.