खोगिरावरचा आवाज

पंखांची घोडी गुडघे टेकते ती फक्त आपल्या स्वारापुढे, परक्याला लाथच. रोज हाताने भरवून सरदाराने तिला तसं वळण लावलं होतं. "माझ्याशिवाय ती कुणाला हिंग लावून विचारत नाही," तो मिशीला पीळ देत बायकोला सांगे.

आज चिलखत चढवताना त्याने खिडकीतून पाहिलं, तर रिकाम्या अंगणात घोडी गुडघे टेकून बसली होती.

"बघ, इथूनच माझी चाहूल लागली तिला!"

"मग ती रिकीब का ताणलीय, कुणी पाय ठेवल्यासारखी?" बायकोने विचारलं.

तो हसतच खाली उतरला. घोडी आता उभी होती. त्याने हात पुढे केला. तिने तो हुंगला, कान मागे पाडले आणि लाथ उगारली.

तेवढ्यात रिकाम्या खोगिरावरून, त्याच्याच आवाजात, कुणीतरी तिला चुचकारलं, "घाबरू नकोस गं, मी आहे ना."