पहिल्या सेल्फला

“पाचगणीच्या थंडीत पहिल्या सेल्फला गाडी सुरू झालीच पाहिजे,” जुनी बॅटरी काउंटरवर ठेवत मी म्हणाले. “किक माझ्या गुडघ्याला झेपत नाही.”

“ही घ्या, ताकदीची आहे. रोज किती चालवता, ताई?”

“चालवत नाही. सकाळी सुरू करते, बंद करते.”

दुकानदार हसला, तेव्हा सांगावंच लागलं. हे वारले, तरी अंथरुणावरच्या मामंजींना वाटतं, मुलगा रोज कामाला जातो. गाडीचा आवाज ऐकल्याशिवाय ते हृदयाची गोळी घेत नाहीत. आज सेल्फ नुसता कण्हला आणि मामंजींनी ओठ घट्ट मिटले.

तो हळूच म्हणाला, “ताई, नुसती सुरू-बंद केलीत तर थंडीत हीसुद्धा बसेल. रोज थोडी फिरवा.”

दुसऱ्या दिवशी गाडी एका दमात सुरू झाली. यांनी मैदानात शिकवलेलं सगळं, माझ्या किंकाळ्यांसकट, आठवलं. यांचं जर्किन चढवून मी भीत भीत पहिला गिअर टाकला.

तोच खिडकीतून मामंजींचा थकलेला आवाज आला, “सूनबाई, आज खरंच निघालीस? कान बांध, वारा झोंबतो. गोळी मी घेतो.”