लाइन चालू आहे

"जेवलीस का?" त्यांनी विचारलं, आणि मुलगी पुन्हा अडकली.

मान खाली, ओठ मिटलेले, कपाळावर केसांची बट. फोनवर नुसता धूसर पुतळा. ते "हॅलो, हॅलो" करत राहिले. थोड्या वेळाने कॉल कटला आणि मागोमाग तिचा मेसेज आला. नेट गेलं बाबा, पुढच्या रविवारी बोलू.

आता मात्र त्यांचं डोकं फिरलं. नोकरीभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून त्यांनी लोकांचे ट्रंककॉल जोडून दिले होते. कुणाचे जन्म, कुणाची मरणं, सगळं त्यांच्या हातातल्या वायरीतून गेलं होतं. आणि स्वतःच्याच घरात परगावची लेक धड दिसू नये?

घरात दुसरं होतं कोण म्हणा. बायको गेल्या वर्षी गेली. ती होती तोवर त्यांचं लेकीशी बोलणं दोन वाक्यांत आटपायचं. "बरी आहेस ना? घे, आईशी बोल." आता फोन हातात द्यायला कुणी उरलं नव्हतं. मग बायको फोन घेतल्या घेतल्या जे विचारायची, तेच ते विचारू लागले. दुसरं काही सुचायचंच नाही. पण त्या एका फोनवर ते आख्खा आठवडा काढायचे.

त्यांनी कंपनीला फोन लावला. "राउटर बंद करून चालू करा," पलीकडची बाई म्हणाली. केला. परत फोन लावला. परत तेच. शेवटी त्यांनी आवाज चढवला. "जाहिरातीत सांगता त्याच्या निम्मा तरी स्पीड द्या. नाहीतर तुमचं कनेक्शन काढून घेऊन जा." तेव्हा कुठे माणूस आला.

आलेला लाइनमन जाडजूड आणि बडबड्या होता. त्याने राउटरला वायरने लॅपटॉप जोडला. स्पीड सांगितला तेवढा पुरा. वायर काढून बाहेरच्या खोलीत बसला, तर निम्माही नाही.

"हा लोखंडी कपाटामागे कुणी कोंबला, काका?"

"आमच्या हिने. ते लुकलुकणारं ध्यान तिला डोळ्यांसमोर नको होतं."

"मग काढू ना बाहेर? की काकूंना विचारू?"

त्यांनी स्वतःच कपाट जरा पुढे ओढलं. "काढा," म्हणाले.

राउटर टेबलावर आला. लाइनमनने परत स्पीड मोजला आणि मान डोलावली. "अडकतं कधी? संध्याकाळी? सगळे एकदम बसले की लाइन मंदावते."

"वेळेचं काही नाही. जेवलीस का विचारलं, की अडकतं."

लाइनमन पोट धरून हसला. "काका, नेटला काय कळतंय कोण जेवलं ते. हां, आमच्या ऑफिसच्या मीटिंगला होतं असं. साहेबांनी प्रश्न विचारला की निम्मे लोक पुतळे होतात. मागे पंखा गरागरा फिरत असतो. आता तुमचा स्पीड पुरा आहे. यापुढे अडकलं तर आमच्या माथी मारू नका."

तेही हसले. दार लावून घेतल्यावर मात्र ते हसू त्यांना काही पचेना.

रविवारी चित्र लख्ख आलं. लेकीच्या डोक्यातले पांढरे केससुद्धा दिसले. मागे तिची खिडकी, खिडकीला निळा पडदा. हवेचं बोलून झालं. तिच्या ऑफिसचं बोलून झालं. गुडघेदुखीचंही झालं. तो प्रश्न त्यांनी मुद्दाम लांबवला. पण शब्द संपले की माणूस करणार काय.

"जेवलीस का?"

मुलगी अडकली. मान खाली, ओठ मिटलेले. मागचा निळा पडदा मात्र वाऱ्यावर हलत होता.

म्हणजे नेट कधी अडकलंच नव्हतं. लेकीलाच बाप नकोसा झाला होता. बरोबरच होतं तिचं. म्हाताऱ्याचं तेच ते गुऱ्हाळ किती ऐकायचं? मेसेज टाकायचा त्रासही तिला आता कशाला, म्हणून त्यांनी स्वतःच लाल बटणाकडे अंगठा नेला.

तेवढ्यात पुतळ्याच्या गालावरून पाणी ओघळलं.

अंगठा होता तिथेच राहिला. इतके रविवार त्या धूसर चित्रात हे दिसलंच नव्हतं. आई होती तोवर हा प्रश्न तिने एकाच आवाजात ऐकला होता, आणि तो आवाज त्यांचा नव्हता.

मग एक्स्चेंजमध्ये रोज म्हणायचे तेच तोंडातून निघालं.

"लाइन चालू आहे. ठेवू नका." आणि जरा थांबून, हळूच, "ठेवू नकोस, बाळा. मी आहे इथे."

मग मुलीने ओढणीने नाक पुसलं आणि मान वर केली.

"नाही जेवले, बाबा," ती म्हणाली. "आणि तुम्ही? तुम्ही जेवलात का?"

बायको गेल्यापासून त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं. आता अडकायची पाळी त्यांची होती.