पिवळा फ्रॉक

रविवारी दुपारी माझं नवं वॉशिंग मशिन बघायला दोघी मैत्रिणी आल्या, तेही आपापले मळके कपडे घेऊन. एक नर्स, दुसरी शिंपीण. मशिन गुणगुणत फिरत राहिलं आणि आम्ही सतरंजीवर लोळत गप्पा मारत राहिलो. उन्हाचा पट्टा सावकाश भिंतीवर चढला.

मशिन थांबलं. नर्सने कपडे काढले, तर त्यात एक लहानसा पिवळा फ्रॉक निघाला.

"हा कुणाचा गं?" तिने हसत विचारलं. आमच्या तिघींच्याही घरी लहान मूल नव्हतं.

शिंपिणीने फ्रॉक उलटा करून शिवण पाहिली. "टाके माझेच आहेत," ती हळूच म्हणाली. "पण हे कापड मी कालच आणलंय. कपाटात तसंच पडलंय, अजून कात्रीसुद्धा लावली नाही."

फ्रॉकचा रंग मात्र विटला होता. बाह्या कोपरांवर झिजल्या होत्या.

माझा हात नकळत पोटावर गेला. ती गोष्ट मी अजून नवऱ्यालाही सांगितली नव्हती.

"दे इकडे," मी म्हटलं.

बाकीचे सगळे कपडे ओले होते. फ्रॉक कोरडा होता, आणि नुकताच कुणीतरी अंगातून काढून दिल्यासारखा उबदार.