मिठागरातला सीन

शो सुटला तेव्हा दाराबाहेर माईक घेऊन दिपिका तयारच होती. काठीला मोबाईल लावून शैलेश तिच्या बाजूला. पनवेलच्या या मल्टिप्लेक्सबाहेर दर शुक्रवारी दोघं प्रेक्षकांची मतं घेत आणि संध्याकाळपर्यंत आपल्या चॅनेलवर टाकत.

नवीन पनवेलच्या कृष्णकांतांचं म्हणणं, पाच मोठे स्टार घेतले की प्रत्येकाला एकेक गाणं द्यावं लागतं, आणि खून कोणी केला हे मध्यंतराआधीच कळतं. त्यांच्या बायकोला, नीताला, ते पटलं नाही. गोष्ट प्रेमाची आहे, खुनाकडे बघायचंच कशाला, असं ती म्हणाली. मग माईक विसरून दोघं आपसातच बोलू लागले. कॉलेजच्या एका मुलीने हिरोला दहापैकी दहा दिले.

मनस्वी भिंतीपाशी आईला, सत्यवतीला, घेऊन उभी होती. शेजारी गणूकाका. तिकिटं तिनेच काढली होती, काकांचं मुद्दाम. वडील, महादेव, जानेवारीत गेले. त्याआधी वर्षभर ते जासईत सांगत होते की उरणच्या बाजूला शूटिंग झालं त्या पिक्चरमध्ये मी हाय. काय करतोस पिक्चरमध्ये, असं कोणी विचारलं की म्हणत, काय नाय, चालतो. गावाने त्यांचं नाव हिरो ठेवलं. हसण्यात गणूकाका सगळ्यांच्या पुढे होते. दहाव्यालासुद्धा कोणीतरी हळूच म्हणालं होतं, हिरो गेला.

आज मनस्वीने बाजारातली गर्दी पाहिली, लग्नातली पाहिली, पोलीस चौकीबाहेरची पाहिली. वडील कुठेच नव्हते. शेवटी नावांची यादी संपेपर्यंत ती बसून राहिली. त्यातही नव्हते. आता काका काय म्हणतील, आणि आईसमोर म्हणतील का, एवढाच विचार तिच्या डोक्यात होता.

दिपिकाने माईक तिच्यापुढे धरला. काहीतरी बोलायचं म्हणून मनस्वी बोलली. मिठागरातला सीन चांगला आहे, म्हणाली. खून करून पळालेला हिरो मजूर म्हणून लपतो, चिखल तुडवतो, आणि बांधावरून हिरोइन त्याच्याकडे बघत राहते. तिथे गाणं नाही, संवाद नाही. नुसते पाय दिसतात. हिरोने त्या पायांवर खरंच मेहनत घेतली आहे.

"नाय," गणूकाका म्हणाले.

दिपिकाने माईक त्यांच्याकडे वळवला. मनस्वीने आईचा हात धरला.

"ते पाय हिरोचे नाय. महादेवचे हायत. हिच्या बापाचे."

दिपिका हसली. काका, क्लोज-अप आहे तो, म्हणाली. हिरोने तीन महिने ट्रेनिंग घेतलंय, मुलाखतीत सांगितलंय त्याने.

काका तिच्यावर चिडले नाहीत. मीठ धरायच्या आधी आगराचा तळ तुडवून घट्ट करायला लागतो, हे त्यांनी तिला समजावून सांगितलं. माणसं ओळीने उतरतात, पाऊल निम्मं आधीच्या पावलावर टाकतात. मधे बोटभर जागा राहिली तर तिथून पाणी जिरतं आणि मीठ काळं येतं. सगळे अख्खा पाय आपटतात. महादेव टाच आधी रोवायचा, मग पाय बाहेर फिरवून दाबायचा. मुकादम ओरडायचा, हा नाचतो काय. पण त्याच्या वाफ्यातलं मीठ कधी काळं आलं नाही.

बोलता बोलता त्यांनी चपला काढल्या. मल्टिप्लेक्सच्या गुळगुळीत फरशीवर टाच रोवली, पाऊल बाहेर फिरवलं, दाबलं. मग दुसरं, पहिल्याच्या निम्म्यावर. पुढच्या शोसाठी आत निघालेली माणसं थांबली. कृष्णकांत आणि नीताही वाद सोडून बघू लागले. काका सात-आठ पावलं तसेच गेले, पॉपकॉर्नच्या काउंटरपर्यंत. शैलेशने मोबाईल खाली वळवला.

"पण तुम्ही इतकं खात्रीने कसं सांगता?" दिपिकाने विचारलं. आता ती हसत नव्हती.

"बावीस वर्षं त्याच्या मागच्या ओळीत होतो. खाली वाकून. त्याचा तोंड मी कमी बघितला, पाय जास्त." ते माईकच्या जवळ वाकले. "तो सांगत होता तेव्हा मी हसलो. हा पण टाका तुमच्या व्हिडिओत. जासईचा गणू हसला होता म्हणून."

दिपिकाने वडिलांचं पूर्ण नाव विचारलं. मनस्वीने सांगितलं. शैलेशला नीट ऐकू आलं नव्हतं म्हणून पुन्हा सांगितलं, मोठ्याने, गावासकट. आपला आवाज एवढा चढू शकतो हे तिला ठाऊक नव्हतं. रांगेतल्या कोणीतरी ते नाव मागच्याला सांगितलं.

मग तिला आठवलं की ते पाय तिनेही पाहिले होते. सगळ्या थिएटरसारखं तिनेही श्वास रोखून पाहिले होते, आणि ते दुसऱ्याचे समजून तिला आवडले होते. ती आईकडे वळली.

"आई, तुलाही कळलं नाही?"

सत्यवतीने डोक्यावरचा पदर सारखा केला. गणूकाका वाकून चपला शोधत होते. एक चप्पल लोकांच्या पायांत लांब सरकली होती, ती तिने पायाने त्यांच्याकडे लोटली.

"मी तोंड शोधीत होते," ती म्हणाली. "भावजी, तीन तिकिटं काढा, आता तुमी काढा. या खेपेला मी खाली बघीन."